रुग्णाला चालवायचे कुणी?

सत्तरी ओलांडलेले, पण भाजी आणण्यापासून अंघोळीपर्यंत सगळे स्वतःचे स्वतः करणारे एक गृहस्थ न्यूमोनियासाठी दाखल होतात. शिरेतून अँटिबायोटिक सुरू होते, ताप उतरतो, एक्स-रे सुधारतो, सहाव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. घरी नेताना मात्र त्यांना दोघांनी धरून गाडीत बसवावे लागते. ‘आजारपणाचा अशक्तपणा आहे, येईल हळूहळू ताकद,’ असे सगळेच म्हणतात. या अशक्तपणातला बराचसा भाग न्यूमोनियाने आणलेला नसतो. तो सहा दिवस खाटेवर पडून राहिल्याने आलेला असतो आणि टाळता येण्यासारखा असतो. तरी तो टळत नाही, कारण रुग्णाला उठवून चालवणे हे आपल्या रुग्णालयांत कुणाच्याच कामात मोडत नाही.

पडून राहण्याची किंमत किती, हे मोजले गेले आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी 67 वर्षे वयाच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसते खाटेवर ठेवले होते. दहा दिवसांत दोन्ही पायांतला मिळून जवळपास एक किलो स्नायू गेला आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे 15 टक्क्यांनी घटली. ही माणसे आजारी नव्हती, पोटभर जेवत होती. आपल्या वॉर्डातल्या रुग्णाला त्यावर ताप असतो, अन्न जात नसते, झोप नसते. 2009 मध्ये अमेरिकेतल्याच एका रुग्णालयात, दाखल होण्याआधी चालत-फिरत असलेल्या वृद्ध रुग्णांच्या पायांना हालचाल मोजणारी यंत्रे लावली, तेव्हा ते 83 टक्के वेळ आडवे असल्याचे आढळले. उभे राहणे आणि चालणे मिळून दिवसाला पाऊण तासही भरत नव्हता. सत्तरीपुढच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाला डिस्चार्जच्या वेळी असे एखादे रोजचे काम जमेनासे झालेले असते, जे तो आजारापूर्वी करत होता: अंघोळ, कपडे, संडासला जाणे, खाटेवरून खुर्चीत बसणे.

नुकसान नुसते स्नायूंचे होत नाही. पडून राहिल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव कमी होतो आणि उभे राहताना रक्तदाब सावरणारी यंत्रणा मंदावते, म्हणून चौथ्या दिवशी उठवले की डोळ्यांपुढे अंधारी येते. ती आली की नातेवाईक घाबरून पुन्हा झोपवतात आणि पाचव्या दिवशी ती जास्तच येते. पाठीवर पडल्याने फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही, कफ तिथेच साचतो. पोटऱ्यांतले रक्त संथ होऊन गुठळीची शक्यता वाढते. बद्धकोष्ठता होते. टाचा आणि माकडहाड लाल होऊ लागते. वृद्ध माणूस छताकडे बघत दिवस काढतो तेव्हा त्याला दिवस-रात्रीचे भान राहत नाही आणि तो रात्री असंबद्ध बोलू लागतो. मग झोपेचे औषध दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी तो सकाळभर गुंगीत, म्हणजे पुन्हा आडवाच.

हे ज्ञान नवे आहे असेही नाही. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1947 सालीच खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांबद्दल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर चार-सहा आठवडे खाटेवरून न हलवण्याची रीत होती. बोस्टनच्या सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी 1952 मध्ये अशा रुग्णांना पहिल्याच दिवसांत आरामखुर्चीत बसवून दाखवले. 1990च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी मोठ्या शस्त्रक्रियांनंतर लवकर उठवणे, लवकर खायला देणे आणि वेदना आटोक्यात ठेवणे यांची सांगड घातली. त्याचा परिणाम आपल्याकडेही दिसतो. सिझेरियन झालेली बाई दुसऱ्या दिवशी बाथरूमला चालत जाते. गुडघा बदललेला रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो. बायपासचा रुग्ण छातीशी उशी धरून कॉरिडॉरमध्ये फिरताना दिसतो. मागे पडला आहे तो मेडिकल वॉर्ड: न्यूमोनिया, दमा, हार्ट फेल्युअर, डेंग्यू, लघवीचा संसर्ग. जिथे कोणत्या दिवशी रुग्णाने काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले असते, तिथे रुग्ण उठतो. जिथे ते लिहिलेले नसते, तिथे ‘आराम करा’ हाच हुकूम चालतो. नुकतेच ऑपरेशन झालेला माणूस चालतो आणि नुसता ताप आलेला पडून राहतो, हे उलटेच म्हणायचे.

मेडिकल वॉर्डातला सकाळचा राऊंड बघा. डॉक्टर छाती तपासतात, रिपोर्ट बघतात, औषधे बदलतात आणि पुढच्या खाटेकडे वळताना म्हणतात, ‘थोडं चालवा यांना.’ हे वाक्य कुणाला उद्देशून असते? केसपेपरवर अँटिबायोटिकचे नाव, मात्रा, किती वाजता, कोणत्या मार्गाने, सगळे असते. चालण्याबद्दल एक अक्षर नसते. सिस्टरच्या दृष्टीने जे केसपेपरवर नाही ते काम नाही, आणि त्यात तिची चूक नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असणे नवलाचे नाही. मावशी आणि मामा बेडपॅन, ट्रॉली आणि रक्ताचे नमुने पोचवण्यात अडकलेले. फिजिओ येतो तो रेफरन्स लिहिला तर, आणि तो लिहिला जातो पक्षाघाताला किंवा हाड मोडल्यावर. राहतो नातेवाईक. त्याला कसे उठवायचे ते कुणी दाखवलेले नसते, आणि ‘पडले तर जबाबदार कोण’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात असतो. तो पाय चेपत बसतो.

त्यात सलाईन. जेवता-पिता येणाऱ्या रुग्णाला सकाळी लावलेली बाटली संध्याकाळपर्यंत थेंब थेंब चालू ठेवायची, ही आपल्याकडची खास सवय. सलाईन चालू म्हणजे उपचार चालू, अशी नातेवाइकांची समजूत आहे आणि ती मोडायचे कष्ट डॉक्टर घेत नाहीत. मेडिक्लेमच्या फाईललाही शिरेतून काहीतरी चालू दिसलेले बरे वाटते. इंजेक्शन दिवसातून दोनदा किंवा तीनदा असेल तर प्रत्येक वेळी अर्धा तास ते देऊन, कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) सलाईनने फ्लश करून, झाकण लावून हात मोकळा करता येतो. तसे केले की दिवसाचे बावीस तास तो माणूस कुठल्याही दांड्याला बांधलेला नसतो. लघवीच्या नळीचेही तसेच. तुंबलेली लघवी, काही शस्त्रक्रिया, अत्यवस्थ रुग्णाची तासातासाची मोजणी, अशा ठरावीक कारणांसाठी ती लागते. ‘उठायला नको म्हणून’ किंवा ‘मावशींना त्रास नको म्हणून’ घातलेली नळी मात्र संसर्गही देते आणि माणसाला खाटेला जखडूनही ठेवते. रोजच्या राऊंडला एकच प्रश्न विचारावा: ही नळी आज कशासाठी आहे? उत्तर सुचले नाही तर ती काढावी.

रुग्णालयांचा खरा अडसर आहे पडण्याची भीती. ती निराधार नाही. वृद्ध माणूस पडला, खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे सगळेच अवघड होते. पण या भीतीने हिशेब एकतर्फी झाला आहे. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनात रुग्ण पडल्याच्या घटना मोजाव्या लागतात, बेडसोअर मोजावे लागतात. अमेरिकेत 2008 पासून सरकारी विम्याने रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचाराचे जादा पैसे देणे बंद केले. मोजले जाते ते टाळले जाते, आणि पडणे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उठूच न देणे. खाटेचे कठडे वर, ‘उठायचं असेल तर बेल वाजवा’ अशी पाटी, आणि बेल वाजवल्यावर दहा मिनिटे कुणी येत नाही. मग रात्री दोन वाजता लघवी आवरेनाशी झालेला माणूस कठड्यावरून पाय टाकून उतरतो आणि पडतो, तेही कठड्याच्या उंचीवरून. दिवसा तीनदा धरून चालवलेल्या आणि झोपण्यापूर्वी संडासला नेऊन आणलेल्या माणसावर ही वेळ कमी येते. जो वॉर्डात पडला नाही पण पायांतली ताकद गमावून घरी गेला आणि आठव्या दिवशी बाथरूममध्ये पडला, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

आता उठवायचे कसे, ते सविस्तर. कारण ‘चालवा’ म्हणणे सोपे असते आणि चुका इथेच होतात. गोळीने देण्याचे वेदनाशामक असेल तर ते अर्धा-पाऊण तास आधी द्यावे. खाटेच्या चाकांचे ब्रेक लावावेत. जमीन नुकती फिनाईलने पुसलेली असेल तर वाळू द्यावी. चप्पल वॉर्डाबाहेर काढायची शिस्त असेल तर रुग्ण अनवाणी किंवा मोज्यांवर फरशीवरून चालतो. मोजे तर सर्वांत वाईट. मागे पट्टा असलेली, तळ न झिजलेली रबरी सँडल हवी. साडीचा किंवा गाऊनचा घेर पायात येत असेल तर आधी खोचावा. लघवीची पिशवी असेल तर ती कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता धरावी. सलाईन बंद करून घ्यावे.

डोक्याकडची बाजू वर करून दोन मिनिटे थांबावे. मग कुशीवर वळवून, पाय खाली सोडत, कोपराच्या आधाराने उठून बसायला सांगावे. हात धरून सरळ वर ओढू नये. पक्षाघात झालेल्या बाजूचा हात तर कधीच ओढू नये. सैल पडलेला खांदा त्याने निखळतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. नातेवाइकांकडून सर्रास होणारी ही चूक आहे. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आपल्या वॉर्डांतल्या बऱ्याच लोखंडी खाटांची उंची ठरलेली असते आणि बुटक्या बाईचे पाय लोंबतात. तिथे खाली ठेवायची पायरी रुंद आणि न घसरणारी हवी. बसल्या बसल्या पावले दहा-पंधरा वेळा वर-खाली करून घ्यावीत, त्याने पोटऱ्यांतले रक्त वर चढते. पहिल्या वेळी झोपलेला आणि उभा राहिल्यावर तीन मिनिटांतला रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर त्या वेळी खुर्चीपर्यंतच न्यावे, आणि रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्यांकडे डॉक्टरांनी पुन्हा बघावे.

उभे राहताना रुग्णाने टाचा मागे घेऊन, पुढे झुकून, नाक पायांच्या बोटांच्या वर आणून उठायचे. मागे रेलून उठायला गेले की माणूस परत खाटेवर बसतो. मदतनीसाने दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहून एक हात कमरेच्या पट्ट्याला आणि एक खांद्यापाशी ठेवायचा. काखेत हात घालून उचलायचे नाही. मिनिटभर उभे राहिल्यावर जागच्या जागी पावले, मग चालणे. दुसऱ्या माणसाने खुर्ची मागून आणावी, म्हणजे अंधारी आली तर तिथेच बसवता येते. छातीत दुखले, बोलता येऊ नये इतका दम लागला, ओठ निळे पडले, घाम फुटला तर थांबायचे. कोरोनाच्या काळात बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालायला घराघरांतली माणसे शिकली होती. तेच यंत्र इथेही चालते.

मात्रा किती? स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात 75 वर्षांवरील 370 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटे चालणे, तोल आणि ताकदीचे व्यायाम करून घेतले. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांची स्वतःची कामे करण्याची क्षमता डिस्चार्जच्या वेळी स्पष्टपणे चांगली होती. आपल्या वॉर्डात तेवढे जमणार नाही असे धरून चालू. तरी तिन्ही जेवणे खुर्चीत बसून, प्रत्येक जेवणाआधी एक फेरी, आणि खुर्चीतून पाच वेळा उठ-बस, एवढे कुठेही जमते. मात्र जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. पक्षाघातानंतर 24 तासांच्या आत वारंवार आणि बराच वेळ उठवलेल्या रुग्णांची अवस्था नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीशी वाईट निघाली, हे 2015 च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना अधिक जोमाने हलवण्याचाही 2022 च्या अभ्यासात फायदा दिसला नाही, उलट अपाय वाढले. मणक्याचे अस्थिर फ्रॅक्चर, चालू रक्तस्राव, छातीत दुखणे सुरू असलेला हृदयविकार, औषधांवर टेकवून धरलेला रक्तदाब, अशांना डॉक्टरांनी सांगेपर्यंत उठवायचे नाही. ही यादी लहान आहे. वॉर्डात पडून असलेले बहुतेक जण तिच्यात बसत नाहीत.

‘माणसे कुठून आणायची’ हा आक्षेप रास्त आहे, पण सगळ्यांना फिजिओ लागतो हे त्यातले गृहीतक चुकीचे आहे. वॉर्डातल्या रुग्णांचे तीन गट पडतात. पहिला गट स्वतः चालू शकणारा. त्याला फक्त परवानगी हवी, मोकळा हात हवा आणि बसायला खुर्ची हवी. दुसरा, एका माणसाच्या आधाराने चालणारा. इथे नातेवाईक, मावशी किंवा मामा पुरतात, पण त्यांना एकदा शिकवलेले हवे. सिस्टरने किंवा फिजिओने दाखल होण्याच्या दिवशी पंधरा मिनिटे दाखवले आणि त्यांच्याकडून एकदा करून घेतले की काम भागते. तिसरा गट दोन माणसे किंवा फिजिओशिवाय न हलणारा. फिजिओचा वेळ याच्यासाठी राखावा. सध्या होते ते वेगळेच. खासगीत बिलावर रोजच्या दोन व्हिजिट असतात, त्यात पाय हलवून आणि पाठीवर थापट्या मारून दहा मिनिटांत काम आटोपते, आणि रुग्ण एकदाही उभा राहिलेला नसतो. फिजिओथेरपी आणि नर्सिंग महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत तर इंटर्नशिप करणारी मुले हाताशी असतात. येल विद्यापीठाच्या 1999 च्या प्रसिद्ध अभ्यासात रुग्णांशी बोलणे, त्यांना दिवसातून तीनदा चालवणे, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणे अशा साध्या गोष्टींनी वृद्धांमधल्या भ्रमाचे, म्हणजे भान हरपून असंबद्ध बोलण्याचे, प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 वर आले होते, आणि त्या कामात प्रशिक्षित स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता.

नोंद मात्र हवीच. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने बनवलेली एक ते आठ अशी मोजपट्टी आहे: 1 म्हणजे नुसते पडून, 2 खाटेवरच हालचाल, 3 खाटेच्या कडेला बसणे, 4 खुर्चीत जाणे, 5 मिनिटभर उभे राहणे, 6 दहा पावले, 7 पंचवीस फूट, 8 अडीचशे फूट. ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टवर त्यांच्या खाली एक रांग वाढवून पाळीगणिक हा एक आकडा लिहायचा. दहा सेकंदांचे काम. वॉर्डाच्या भिंतीवर दर पंचवीस फुटांना रंगाची खूण मारली की मोजायला टेप लागत नाही. राऊंडला कालचा 6 आज 3 झालेला दिसला की डॉक्टर आपोआप कारण विचारतील: ताप परत चढला, की सलाईन दिवसभर चालू होते?

सामानाचा खर्चही फार नाही. प्रत्येक खाटेशेजारी हातांची, न घसरणारी खुर्ची. हलकी प्लास्टिकची फरशीवर सरकते, ती नको. वॉर्डामागे दोन-तीन वॉकर आणि कमरेचे पट्टे. संडासात भिंतीला दांडी, आणि निदान एक कमोड. सरकारी रुग्णालयांत भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसता येत नाही म्हणून कितीतरी वृद्ध डायपरवर जातात आणि मग उठायचे कारणच उरत नाही. गर्दीच्या दिवसांत ज्यांना जमिनीवर गादी मिळते त्यांना तर जमिनीवरून उठणेच सर्वांत कठीण. खाटा मोकळ्या होतील तशा पहिल्यांदा याच वृद्धांना द्याव्यात. आणि जेवण: पेज आणि मऊ भातावर स्नायू टिकत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर आजारी वृद्धाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला किमान 60 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सहा-सात. दूध-बिस्किटांनी हा हिशेब जमत नाही.

हे सगळे चांगल्या मनाच्या डॉक्टरांवर सोडून होणार नाही. एनएबीएचने पडण्याच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा मागावा: दाखल होताना चालत असलेल्या किती रुग्णांना दिवसातून किमान दोनदा खाटेवरून उठवले. जिल्हा रुग्णालयांच्या आढाव्यात तो असावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या पॅकेजच्या योजनांत डिस्चार्ज कार्डावर दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात, दाखल होण्यापूर्वी रुग्ण काय काय स्वतः करत होता आणि आज काय करतो. दोन्हींत फरक असेल तर घरी काय व्यायाम करायचा, किती दिवस, आणि फिजिओला परत कधी दाखवायचे, हे त्याच कार्डावर, मराठीत, औषधांच्या यादीइतक्याच ठळक अक्षरांत असले पाहिजे. नातेवाइकांनीही कार्डावर सही करण्यापूर्वी या दोन नोंदी भरल्या आहेत का ते बघावे, आणि नसतील तर भरून मागाव्यात.